पांढऱ्या पट्ट्याच्या पोफळी

चुनेकाकांनी आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही. ते सरळ वाडीतच शिरत. एका हातात चुन्याचं डबडं, दुसऱ्या हातात काथ्याचा कुंचा. फाटक ढकलायचे, मान वर करून पोफळी न्याहाळायचे आणि सुपारीच्या घोसांनी लगडलेली एखादी हेरून माझ्या आईला विचारायचे, "सूनबाई, ही पोफळ कुणाची?"

"आमचीच की! आणखी कुणाची?"

"आता सुमनची," म्हणायचे आणि खोडाला पांढरा पट्टा ओढून मोकळे. आई कपाळाला हात लावायची, पण हसायची.

सुमन म्हणजे पलीकडच्या आळीतली, पोटात गाठ झालेली पोर. कॅन्सर हा शब्द आमच्या श्रीवर्धनात तेव्हा कुणी तोंडातून काढत नसे. 'ते दुखणं' म्हणायचे, तेही आवाज खाली आणून. त्या दुखण्याचं मूल घेऊन आईबाप बोटीने मुंबईला जायचे, मोठ्या इस्पितळात. पण तिथे महिनेच्या महिने राहायचं कशावर? तर या पट्ट्याच्या पोफळींवर. त्या झाडाची त्या वर्षीची सगळी सुपारी त्या पोराची. काका ती सोलून, वाळवून, विकून पैसे मुंबईला पोचते करायचे.

आमच्याकडे देवाला झाड सोडायची रीत जुनीच. सोडलेल्या झाडाची सुपारी घरात घ्यायची नाही, ती देवळात जायची. काकांनी तीच रीत उचलली. कुणी कुरकुरलं तर म्हणत, "देवाला सोडता ना? देव काय आजारी पडतो? पोर पडतं." देवाच्या नावाने मूठ आवळणाराही पोराच्या नावाने झाड सोडायचा.

हे वेड त्यांना लागलं ते त्यांच्या लेकीमुळे, तारामुळे. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आगेमागे तिच्या मानेला गाठ आली. मुंबईला नेली, गाठ जाळणाऱ्या किरणांचा, आमच्या भाषेत विजेचा, शेक सुरू झाला, आणि तो अर्धा होतो न होतो तोच काकांची पुंजी संपली. पोरीला घेऊन परत आले. पावसाळ्याआधी ती गेली. काका ही हकीकत सांगत नसत. एवढंच म्हणत, "अर्ध्यावरून कुणी परत यायचं नाही." ते असं म्हणाले की त्यांच्याकडे बघवत नसे.

झाडांशी ते नावानेच बोलायचे. वाडीतून जाताना खोडावर थाप मारून, "काय श्रीधर, बरं आहे ना?" आम्ही मुलं फिदीफिदी हसायचो. मग त्या झाडाचा श्रीधर, तो आजारी मुलगा, मुंबईतच वारला, आणि तरी दिवाळीच्या सुमाराला काका आले आणि त्याच्या पोफळीचा पावसात पुसट झालेला पट्टा पुन्हा लख्ख करू लागले. आई म्हणाली, "काका, पोर गेलं ना हो?"

"गेलं म्हणून नावही पुसू?"

इथेच घात झाला. जी मुलं बरी होऊन आली त्यांचे पट्टे काका पुन्हा रंगवत नसत. काम झालं, झाड मालकाला परत. ते पट्टे दोन पावसांत धुऊन जायचे. गेलेल्या मुलांचे मात्र दर वर्षी नवे. असं होता होता गावाला दिसू लागले ते फक्त मेलेल्या पोरांचे पट्टे. तिन्हीसांजेला वाडीत अंधारून आलं की खोडं दिसेनाशी व्हायची आणि ते पांढरे पट्टे तेवढे दिसत राहायचे, बरोबर लहान मुलाच्या उंचीवर. मी डोळे मिटून धावत घर गाठायची. आजही सांगताना अंगावर काटा येतो.

त्यात सुपारी पाडणारा धाकू अडून बसला. "न्हाय काका, सिरीधरच्या झाडावर मी न्हाय चडनार. त्ये पोर वर बसलेलं हाय." झालं! त्या झाडांच्या सुपाऱ्या खाली पडून कुजू लागल्या, कुणी शिवेना. आणि गावात कुजबूज सुरू झाली, की काकांनी पट्टा ओढला की पोर वाचत नाही. ज्या फाटकांतून काका न विचारता जायचे, तिथे आता आतून कडी. गावाची जीभ ती, तिला हाड नसतं. बरी झालेली पोरं त्याच आळीत विटीदांडू खेळत होती, ती कुणाला दिसली नाहीत.

नेमकी त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाच्या, बंडूच्या, मानेला गाठ आली.

बाबा त्याला घेऊन मुंबईला गेले. शेक सुरू झाला. महिन्याभरात बाबांचा निरोप आला, पैसे संपत आले, काय करू? तेवढ्यात काका आले, डबडं घेऊन. आई दारात आडवी उभी राहिली. "तुमच्या पाया पडते काका. बंडूच्या नावाचा पट्टा नको."

काकांनी हातातलं डबडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "बरं. बंडूच्या नावाचा नको. माझ्या नावाचा ओढतो. मारायचंच असेल तर मला मारील."

आईने नको म्हणायला हवं होतं. ती बाजूला झाली.

काका दारोदार फिरले. "ही पोफळ माझी," म्हणत स्वतःच्या नावाचे पट्टे ओढत गेले. लोकांनी कड्या काढल्या. जिवंत म्हाताऱ्याला नाही कसं म्हणणार? धाकूही चढला. म्हणाला, "जित्या मानसाचं झाड हाय, चडतो." पैसे मुंबईला जात राहिले आणि बंडूचा शेक पुरा झाला.

तो परतायच्या थोडे दिवस आधी काका गेले. दुपारी सुपारी वाळत घालता घालता अंगणातच कोसळले. हृदय थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. वय झालं होतं, मीही तेच म्हणते. गाव काय म्हणालं ते सांगायला नको. माझी आई तर मरेपर्यंत पांढरं लुगडंही बघू शकली नाही.

बंडू बोटीवरून उतरला तशी आई त्याला घरी न नेता आधी काकांच्या घरी, काकूंकडे घेऊन गेली. मीही मागे होते. काकूंनी बंडूला जवळ बसवलं, त्याच्या सदऱ्याची कॉलर खाली केली. शेकाने मानेची कातडी भाजून काळी पडली होती. त्या काळ्या डागावरून त्या बोटं फिरवत राहिल्या.

"आमच्या ताराचा डाग इतका काळा झालाच नाही," त्या म्हणाल्या. "तांबूस होता, तेवढ्यात आम्ही तिला घरी आणली."

बंडूला गुदगुल्या होत होत्या. तो मान काढून घ्यायला लागला, तर आईने त्याचे खांदे घट्ट धरून ठेवले.