मामांच्या नावाआधीचं रेव्हरंड

नगर जिल्ह्यातल्या आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरी लग्नपत्रिका आली, की नवरा-नवरीची नावं आधी कुणी वाचत नाही. नजर सरळ खाली घसरते, लग्न लावणार कोण त्या ओळीवर. तिथे फादर असतील तर मंडळी कॅथलिक. रेव्हरंड असतील तर आमच्यासारखी जुन्या मिशनची, म्हणजे उपदेश लांबणार, घरून खाऊन निघावं. पास्टर असतील तर नवीन मंडळी, स्पीकरपासून दूरची खुर्ची धरावी. या एका शब्दावर माझी आई सगळ्या दिवसाचा बेत ठरवायची.

आमच्या हिंदू शेजाऱ्यांना या वाटण्या माहीत असायचं कारण नाही. पण हे शब्द त्यांच्या कानाला भारदस्त लागतात, म्हणून ते सढळ हातानं वापरतात. क्रिकेटच्या सामन्यांच्या पत्रकावर मी 'मा. फादरसाहेब' वाचलंय, आणि ते फादर बायको-मुलांसह बक्षीस द्यायला आले होते. एका सप्ताहाच्या पत्रिकेत तर आमच्या पाळकांना 'ह. भ. प. रेव्हरंड' करून टाकलं होतं. पाळक स्वतः ती पत्रिका खिशात घालून महिनाभर सगळ्यांना दाखवत हिंडले. मलाही ती फार आवडली. घरातला सगळ्यात मानाचा शब्द काढून त्यांनी पाहुण्याच्या गळ्यात घातला होता.

आमच्या मामांना मात्र असलं काही आवडत नसे. नेवाशापासून थोडं आत असलेल्या एका खेड्यात त्यांनी सगळी हयात प्रचारक म्हणून घालवली. प्रचारक म्हणजे पाळक नव्हे. पाळकाला दीक्षा मिळालेली असते, म्हणूनच त्याच्या नावाआधी रेव्हरंड लागतं. लग्न, बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे त्याच्याच हातून व्हायचं, आणि त्यासाठी तो महिन्यातून एकदा तालुक्याहून येणार. बाकीचे सगळे दिवस गाव प्रचारकाचं. मामा उपदेश करत, आजाऱ्याच्या उशाशी बसत, मयत कुणाच्याही घरचं असो, तिथे सगळ्यांत आधी पोचत. गाव त्यांना मास्तर म्हणायचं. कुणी चुकून पाळकसाहेब म्हटलं, तर ते थांबून, सायकल स्टँडवर लावून त्याचा शब्द दुरुस्त करत.

त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून मंडळीनं उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची, उपासना ठेवली. मी सकाळच्या एसटीनं फाट्यावर उतरलो आणि जागीच थबकलो. समोर फ्लेक्स. एका बाजूला मोबाईल कानाला लावलेले सरपंच, मधोमध मामा, मागे सूर्योदय, आणि मामांच्या नावाआधी, बैलाच्या शिंगांना रंगवावं तशा लालभडक अक्षरांत, 'रेव्हरंड'.

घरी पोचलो तर मामा पायरीवर बसलेले. नवा सदरा अंगात, बटणं उघडी, चेहरा पार उतरलेला. मी आमच्या रीतीनं सलाम केला तो त्यांनी घेतलाच नाही. तालुक्याला नवे पाळक आले होते, तरुण होते, मामांना एकदाच भेटलेले. ते थोड्या वेळात त्याच फाट्यावरून येणार होते.

"त्यांना काय वाटंल?" मामा म्हणाले. "म्हाताऱ्यानं जाता जाता हुद्दा चोरला म्हणतील. आन् मी न्हाई म्हणालो तरी ते अक्षर तिथं हाय."

मी सुचवलं, त्या शब्दावर मोठा हार सोडू. मामी आतून म्हणाली, हार कशाला, माझं लुगडं वाळत घालते की वर, तेवढंच रुंद हाय. मामा हसले नाहीत. झाकणं म्हणजेही लबाडीच, असं त्यांचं म्हणणं. ते उठले आणि सरपंचांकडे निघाले. मी मागे.

सरपंच मंडपाजवळ खुर्च्या मांडून घेत होते. मामांनी त्यांना सगळं नीट समजावलं. दीक्षा म्हणजे काय, ती आपल्याला कशी नाही. उपासनेच्या शेवटी पाळक दोन्ही हात वर करून लोकांना आशीर्वाद देतात, आपण मात्र इतकी वर्षं हात जोडून आशीर्वाद मागत आलो, कारण हात उचलायचा आपल्याला अधिकारच नाही. तेव्हा बोर्ड उतरवा.

सरपंचांचा चेहरा पडला. फ्लेक्सवाल्यानं नावाच्या आधी काय घालू विचारलं, तेव्हा त्यांनी गावात आलेल्या चार लग्नपत्रिका चाळून आमच्यातला सगळ्यात मोठा शब्द शोधला होता.

"मास्तर, आमी आमच्या मनानं लिवलंय," ते म्हणाले. "माझा बाप गेला तवा तुमी रातभर बसला हुता. त्या माणसाला नुसतं मास्तर लिवायचं व्हय?"

मामांची पंचाईत झाली. उतरवावा तर गावाचा अपमान, ठेवावा तर आयुष्यभराचा खरेपणा जातो. तेवढ्यात मोटरसायकल आली. पाळक फाट्यावर बोर्ड वाचूनच आले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मामा जवळजवळ धावतच पुढे गेले.

"साहेब, ते मी लिवायला लावलेलं न्हाई."

"मी लावलं," सरपंच मागून म्हणाले. "काय बोलायचं ते मला बोला."

पाळकांनी हेल्मेट काढून आरशाला अडकवलं. मग म्हणाले, तो शब्द तिथे बसत नाही हे खरं, पण बोर्ड गावाचा आहे, मी उतरवा म्हणणार नाही. मास्तर सांगतील तसं करू.

बोर्ड तसाच राहिला. गीतं झाली, उपदेश झाला, आणि मनोगताची वेळ आल्यावर मामा उभे राहिले. आपल्या लोकांपुढे, गावापुढे आणि पाळकांपुढे म्हणाले, की फाट्यावर माझ्या नावाआधी लिहिलेला हुद्दा मला नाही. मी प्रचारक होतो, प्रचारकच मरेन. गावानं मायेनं लिहिलं, त्या मायेचे उपकार मानतो, शब्द परत करतो. एवढं बोलून खाली बसले. आमची सगळी माणसं चपलांकडे बघत होती.

शेवटी पाळकांनी हात वर करून आशीर्वाद दिला. लोक उठले, आणि सरपंच खुर्च्यांमधून वाट काढत मामांपुढे आले. टोपी काढली, वाकले.

"हात वर उचलायचा न्हाई म्हणता ना? मग माझ्या डोस्क्यावर ठेवा."

मामांनी पाळकांकडे पाहिलं. पाळक मुद्दाम पेटीवाल्याशी बोलत उभे होते. मग मामांनी हात ठेवला. मागे दुसरा माणूस येऊन उभा राहिला, मग एक बाई, मग रांगच लागली. आमटी निवत चालली होती. मामी बाजूला उभी राहून कुरकुरत होती, आणि डोळे पुसत होती.

जेवताना सरपंचांनी विचारलं, बोर्ड आता काढू का.

मामांनी भाकरी मोडली. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "माझं सांगून झालंय. आता ते तुमचं म्हणणं हाय."