भोंगा वाजला की फाइल सेव्ह करा

सर्व्हर सांभाळायची नोकरी कोरडी असते, असं कोण म्हणतं? एक मशीन ठेवा, त्याच्याभोवती सात-आठ इंदुरी माणसं बसवा, किस्से आपोआप साठत जातात. आम्ही जुने सोबती जमलो की पोह्याची दुसरी प्लेट येईस्तोवर कुणीतरी म्हणतंच, "सुनंदाजी, वो एसी वाला किस्सा हो जाए!"

तर आधी एसी.

सियागंजात आमच्या शेठजींचा नट-बोल्टांचा ठोक धंदा. शहरातल्या मिला बंद पडत होत्या आणि दुकानांत कॉम्प्युटर येत होते, ती वर्षं. शेठजींनी सर्व्हर घेतला, नारळ फोडला, कॅबिनेटवर स्वस्तिक काढलं. बसवायला आलेला इंजिनिअर म्हणाला, "ह्याला थंडावा लागतो." झालं! ऑफिसातला पहिला एसी सर्व्हरच्या खोलीत लागला. शेठजींच्या डोक्यावर पंखाच!

मे महिना आला आणि अख्ख्या ऑफिसला सर्व्हरची काळजी वाटायला लागली. बाहेरचे सेल्समनसुद्धा विचारायचे, "सर्वर जी कैसे हैं? ज़रा मिल लूँ?" दुपारी जेवण झालं की शेठजी स्वतः आत जाऊन दार लोटून घेत. "सुनंदाजी, मैं सर्वर देख रहा हूँ, कोई डिस्टर्ब न करे!" पाच मिनिटांत घोरणं ऐकू यायचं. पण त्या उन्हाळ्यात त्या खोलीत सर्व्हर कधी झोपला नाही, हे माझं कर्तृत्व!

* * *

मी फर्मान काढलं, प्रत्येकाने आपापला पासवर्ड ठेवायचा आणि तो गुप्त ठेवायचा. आमचे खांडेकरकाका आधी मिलमध्ये टाइमकीपर होते, मिल बंद झाल्यावर आमच्याकडे बिलं करायला आले. दुसऱ्याच दिवशी ते खुर्चीतून उठून ओरडले, "अरे भिया, माझा पासवर्ड कुणाला आठवतोय का?"

चार टेबलांवरून एकदम उत्तर आलं, "विमल!"

ते काकूंचं नाव. मी तो लगेच बदलायला लावला. ही बातमी घरी पोचली आणि काकूंनी विचारलं, "माझ्याऐवजी आता कुणाचं नाव ठेवलंत?" काका दोन दिवस डबा न घेता ऑफिसात आले.

* * *

बत्ती गेली की यूपीएस जोरात बोंबलायचा. पहिल्यांदा बोंबलला तेव्हा मी सर्व्हरकडे धावले. परत येऊन बघते तर खांडेकरकाका आणि त्यांचे दोन मिलवाले सोबती डबे काखेत मारून दाराशी उभे!

"कुठे निघालात?"

"भोंगा झाला ना!" काका म्हणाले.

"काका, बत्ती गेलीये. पाळी नाही सुटली!"

तिघं ओशाळून हसले. मिलच्या भोंग्यावर उठण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना मी कोण बोलणार? मी यूपीएसचं नावच भोंगा ठेवलं आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावला: 'भोंगा वाजला की फाइल सेव्ह करा.' त्यानंतर आमच्या ऑफिसात एकही फाइल गेली नाही. आहे कुठल्या मोठ्या कंपनीत असा रेकॉर्ड?

* * *

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. आप्पा परदेशीपुऱ्यातले, मिलच्या बुनाई खात्यात सव्वीस वर्षं. साचा, म्हणजे कापड विणायचा माग, चालवायचे. त्या खडखडाटात कान अर्धे गेले होते. मिलचा रिवाज असा, की पाळी संपली तरी पुढचा माणूस आल्याशिवाय साचा सोडायचा नाही. तो आला की साच्यावर हात ठेवून म्हणायचं, "चालू आहे. सांभाळ." मग घरी जायचं.

मिलच्या शेवटच्या दिवशी पुढची पाळी आलीच नाही. आप्पा तसेच घरी आले.

माझ्या नोकरीबद्दल ते एवढंच म्हणायचे, "बसून करतात ते कसलं काम?" मला ते फार लागायचं.

त्यात शेठजींनी फर्मान काढलं, "सर्वर चलाने का सर्टिफिकेट लाओ, नहीं तो सर्वर भोपाल की कंपनी को सौंप दूँगा." सर्व्हर गेला की मी परत टायपिंगला! परीक्षा इंग्रजीतून, मी मराठी शाळेतली. पहिल्या खेपेला नापास झाले. निकाल तिथल्या तिथे स्क्रीनवर! घरी येऊन रडत बसले.

आप्पा म्हणाले, "कापडाचं पहिलं थान कुणाचं पास होतं गं? माझं तर तीनदा परत आलं होतं. चल, उठ. खाना खा ले."

* * *

दुसऱ्या परीक्षेच्या आधीची गोष्ट. मी डबा विसरले म्हणून आप्पा तो घेऊन ऑफिसात आले. जाता जाता त्यांनी सर्व्हरवर तळहात टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "सुनू, देख ले, ह्याचं बेअरिंग जाणारेय."

"आप्पा, हा काय साचा आहे?" मी हसले. पण मन मानेना, म्हणून रोज संध्याकाळी सगळा डेटा टेपवर उतरवायला लागले. तिसऱ्या दिवशी डिस्क बसली! भोपाळचा इंजिनिअर नवी डिस्क घेऊन आला, जुनी तपासली आणि म्हणाला, "मैडम, बेयरिंग जाम है. आपको पहले से कैसे पता?"

मी ताठ मानेने सांगितलं, "हमारे यहाँ एक्सपर्ट हैं. बुनाई खाते के."

नव्या डिस्कवर सगळा डेटा मी एकटीने परत चढवला. भोपाळवाला नुसता चहा पीत बसला होता.

* * *

आणि मी पास झाले! सर्टिफिकेट ऑफिसच्या पत्त्यावर आलं. शेठजींनी पेढे वाटले, मी आप्पांना बोलावून सर्व्हरच्या खोलीत माझ्या खुर्चीवर बसवलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. माझ्या नावावरून ते नुसतं बोट फिरवत राहिले.

तेवढ्यात बत्ती गेली. भोंगा बोंबलला. बाहेर खांडेकरकाका आणि दोघं सोबती जागेवर बसून शिस्तीत फाइली सेव्ह करत होते.

उठले फक्त आप्पा. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, सर्टिफिकेट माझ्या हातात दिलं आणि सर्व्हरवर तळहात ठेवला.

"चालू आहे," ते म्हणाले. "सांभाळ."