गब्दू अस्वलाची लाईन

गब्दू अस्वलाच्या आत असायचा तो माणूस आज वारला.

रविवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. मी लाईनची दोरी खांबाला बांधत होतो. फोन आला तेव्हा दोरीचं एक टोक हातातच होतं.

गंगाधर. गाव कंधारजवळ. लोह्याच्या पुढे लातूर रोडवर आमचं पार्क आहे, तिथे आम्ही तीन वर्षं सोबत काम केलं.

तो निळ्या अस्वलाचा ड्रेस घालायचा. आतून नीट दिसत नाही, म्हणून मी त्याचा हात धरून चालवायचो. आणि त्याला भेटायला येणाऱ्यांची लाईन सांभाळायचो.

काल ड्युटी संपवून घरी जाताना त्याची गाडी रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. आज सकाळी नांदेडच्या दवाखान्यात त्याचा जीव गेला. पोस्टमॉर्टेम करून चार वाजेपर्यंत गावाकडे आणतील.

त्याच्या गावाकडच्या माणसाने फोनवर एवढंच सांगितलं. मी "बरं" म्हणालो.

अस्वलाने बोलायचं नाही, हा मालकाचा नियम. आणि गंगाधर म्हणजे नुसती बडबड.

मग तो आतल्या आत हळू बोलायचा. फक्त मला ऐकू येईल असं. मी लाईनला शिस्त लावतो म्हणून मला हेडमास्तर म्हणायचा.

"हेडमास्तर, ती पिवळ्या साडीवाली मावशी बघ. लेकराला बाजूला सारून सोताच फोटो काढून राहिली."

"तो टोपीवाला सरपंच दिसतो. त्याला म्हणाव, आधी मला रामराम घाल."

मला हसू यायचं. लोकांना वाटायचं मी त्यांनाच हसतो. एकदा एक जण अंगावर धावून आला, तर हा आतून म्हणतो, "मार दोन, मी धरतो."

गर्दीत आतलं ऐकू यायचं नाही. म्हणून हाताची खूण ठरवली होती.

मी एकदा हात दाबायचा. म्हणजे, ठीक आहेस का?

त्याने दोनदा दाबायचा. म्हणजे, ठीक.

उत्तर आलं नाही की मी त्याला लगेच मागच्या खोलीत नेऊन डोकं काढायचो. मे महिन्यात मी सारखाच दाबायचो. तो वैतागायचा. "आरं किती दाबतो? माझी बायको पण एवढं इचारत न्हाई."

लाईनमध्ये रोज कोणीतरी मला विचारतंच. एक तास उभं राहून काय भेटतं व्हय? आत माणूसच हाय ना?

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. एक तास लाईन आणि एक मिनिट भेट. तेवढ्यात लेकरू दहा वेळा घसरगुंडी खेळेल. एकदा मी एका बाईंना सरळ सांगितलं, ताई, नका थांबू.

गंगाधरने ते ऐकलं. मागच्या खोलीत डोकं काढून पाणी पीत म्हणाला, "तू लाईन बघतो म्हणून तुला लांब दिसती. मला आतून एकच लेकरू दिसतं. आन् ते तासभर माझ्यासाठी उभं हाय. माझ्यासाठी एवढं कोण थांबलंय सांग? बँकेत तर मीच थांबतो."

मी म्हणालो, "पण म्हाताऱ्या बायांचे पाय दुखतात."

"मग खुर्च्या टाक की. तेवढी अक्कल न्हाई का हेडमास्तरला?"

दुसऱ्या दिवशी मी खुर्च्या टाकल्या.

आज फोन ठेवला तेव्हा लाईन दोरीच्या टोकापर्यंत गेली होती.

मालक म्हणाले, "अस्वल आजारी आहे म्हणून सांग. लाईन सोडून दे."

मी सांगायला गेलो. सगळ्यात पुढे एक मुलगी होती. तिचे वडील म्हणाले, "आम्ही देगलूरहून आलोत." ती म्हणाली, "गब्दू कुठाय?"

माझ्या तोंडून निघालं, "येतोय."

मला बंद जागेची भीती वाटते. लिफ्टमध्येसुद्धा मी जात नाही.

तिकिटावरच्या सुनीताताईंना म्हणालो, "माझा हात धरा. सोडू नका."

डोकं घातलं. ते आतून अजून ओलं होतं. कालच्या घामाने.

लवंगेचा वास होता. तो तोंडात लवंग ठेवायचा.

मला रडू आलं नाही. आतून घड्याळ दिसत नाही, चार कधी वाजतील ते कळणार नाही, एवढंच लक्षात आलं.

अस्वलाच्या डोळ्यांवरच्या जाळीतून खरंच एकच लेकरू दिसतं. ते गेलं की दुसरं. लाईन दिसतच नाही.

देगलूरच्या मुलीने पोटाला मिठी मारली आणि विचारलं, "तुला उकडत नाही का रे?"

अस्वल बोलत नाही.

सुनीताताईंनी हात सोडला नाही. पण त्यांना खूण माहीत नव्हती. दाबला कोणीच नाही.

लाईन संपली. ड्रेस वाळत घातला आणि त्याच्या गावची बस धरली.

त्याच्या घरापुढे लोक एकामागे एक उभे होते. चेहरा बघायचा, फूल वाहायचं, बाजूला व्हायचं. दोरी नव्हती, तरी लाईन सरळ होती. मी शेवटी जाऊन उभा राहिलो.

पुढे दोन म्हातारे बोलत होते.

"कामाला कुठं होता?"

"तिकडं पार्कात. अस्वल व्हायचा."

"अस्वल?"

"हाव. लेकरं लई यायची म्हणं त्याला भेटायला."

माझा नंबर आला. कापडाच्या कडेला त्याचा उजवा हात बाहेर राहिला होता.

मी एकदा दाबला.

थांबलो.

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "सरका दादा पुढं. मागं लोकं उभी हायत."

हे वाक्य रोज मी म्हणतो.

सरकलो.

गंगाधर, आज तुझ्या लाईनमध्ये मी पण उभा होतो. लांब वाटली नाही रे.

नीट जा.