रस्त्याकडची खिडकी

रुक्सांद्राताई बुखारेस्टच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायच्या, अगदी रस्त्याला लागून. आयुष्यभर त्यांनी नवरीचे पांढरे झगे शिवले. सिग्नलला थांबलेल्या बसचा धूर सरळ त्यांच्या खिडकीत यायचा, म्हणून शिवलेलं कापड त्या चादरीत गुंडाळून ठेवत. तोवर काळजी होती ती कापडाची.

मग त्यांच्या नवऱ्याला, तुदोरभाऊंना, खोकला लागला. जन्मात कधी सिगरेट न ओढलेला माणूस. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो पाहिला आणि विचारलं, "राहता कुठे?" पत्ता ऐकून त्यांनी फोटो परत पाकिटात घातला.

"काही बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं," ताई मला म्हणाल्या. "घरी येऊन मी आधी खिडकी लावली."

तेव्हापासून ताई बोटानं भिंत पुसून बघू लागल्या. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली, दाराखाली ओली चिंधी कोंबली.

"अगं, जिवंतपणीच पेटीत घालतेस का मला?" भाऊ विचारायचे.

"घालीन. तुम्ही आपला श्वास जरा बेतानं घ्या." हे म्हणताना ताई हसत नसत.

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी ट्रामची तार तुटली आणि सगळा रस्ता तुंबला. वारा पडलेला. गाड्या जागच्या जागी धूर ओकत होत्या. दुरुस्तीला दिलेला माझा झगा न्यायला मी खाली गेले. बेल वाजवली. आत रेडिओ चालू होता, पण दार कोणी उघडेना. त्यांची एक किल्ली माझ्याकडे असायची, तिनं मी दार उघडलं.

ताई टेबलावर डोकं टेकून पडल्या होत्या. भाऊ भिंतीला टेकून बसलेले, डोळे उघडे, पण ओठ हलेनात. चोर्ब्याचा, म्हणजे इथल्या आंबट सुपाचा, वास सोडला तर घरात कसलाच वास नव्हता. गॅसचा बॉयलर घरघरत होता आणि रस्त्याकडच्या भिंतीतल्या हवेच्या जाळीवर, धूर येऊ नये म्हणून, ताईंनी पुठ्ठा ठोकलेला होता.

मी इस्त्री उचलून खिडकीच्या काचेवर हाणली. हॉर्न आणि धूर एकदमच आत शिरले. बॉयलर बंद करून मी दोघांना ओढत मागच्या अंगणात नेलं. ताईंनी डोळे किलकिले केले.

"खिडकी लाव गं," त्या पुटपुटल्या. "त्यांना धूर लागेल."

मी बोलावलेली अँब्युलन्स त्याच खोळंब्यात अडकली होती. ती येईपर्यंत मी भाऊंच्या नाकाशी हात धरून बसले.

दोघंही वाचले. जाळी बंद असल्यानं बॉयलरचा बिनवासाचा विषारी वायू घरातच साठला होता, असं अँब्युलन्सवाले म्हणाले. पुढे ताई भाऊंना घेऊन डोंगरात नणंदेकडे गेल्या. फोनवर म्हणतात, खोकला कमी आहे, गेलेला नाही.

त्यांच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. त्यांचं तान्हं बाळ आहे. जाळी कधी बंद करू नका, असं मी पहिल्याच दिवशी सांगून आले. त्या पोरीनं मान डोलावली आणि विचारलं, "मग पाळणा कुठे ठेवू, मावशी?"

मी म्हटलं, मागच्या खोलीत ठेव. पण मागची खोली तरी रस्त्यापासून किती लांब आहे?