मढ्याचा गारठा

बोगोटाच्या सरकारी इस्पितळात एर्मेलिंदा सिस्टरचं निम्मं आयुष्य एकाच कामात गेलं. अपुऱ्या दिवसांचं पोर उघडं करायचं, आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं आणि वरून पट्टा आवळायचा. काचेच्या पेट्या थोड्या, पोरं फार. "पेटी बिघडते, छाती बिघडत नाही," असं ती सांगायची. बिचकणाऱ्या बापांना दटावायची, "पोर करताना लाजला नाहीत, आता शर्ट काढायला लाजता होय?"

एलिसेरपुढे मात्र तिची मात्रा चालेना. त्याची बायको बाळंतपणातच गेली होती. मूठभर पोर अतिदक्षता विभागात, आणि ऊब द्यायला उरला एकटा बाप. पण त्यानं बायकोच्या प्रेताला स्वतःच्या हातानं कपडे चढवले होते. त्याची आई, दोन्या इस्मेनिया, दारातच आडवी आली.

"मढ्याचा गारठा अंगात घेऊन पोरीला शिवणार हा? नऊ दिवसांची प्रार्थना होऊ दे, सतापाच्या पाल्याची अंघोळ होऊ दे, मग बघू."

"अहो, तोवर पोर थांबणार आहे का? गारठा-बिरठा काही नसतो! मग तुम्ही घ्या छातीवर."

"मीही मढ्यापाशीच बसले होते, बाई."

कप्पाळ! एलिसेर रोज यायचा, फाटकाबाहेर उभा राहायचा आणि तिथूनच विचारायचा, "गरम आहे ना हो ती?"

शेवटी एर्मेलिंदानं गणवेशाची बटणं काढली आणि पोर स्वतःच्याच छातीला बांधलं. ड्यूटी संपली तरी ती खुर्चीतून उठायची नाही. पोरगी अंग धरू लागली, बोट चोखू लागली. मग रक्तात जंतू शिरले. डॉक्टरांनी सगळं केलं, पण एका दुपारी त्या पट्ट्यातच तिचा श्वास थांबला.

दुसऱ्याच दिवशी प्रार्थनेचे नऊ दिवस पुरे झाले. एलिसेर सरळ आत आला. केस ओले, अंगाला सतापाचा वास, शर्टाची बटणं आधीच सोडलेली. एर्मेलिंदानं त्याला सांगितलं. तो बराच वेळ बटणं लावत राहिला.

"बरं झालं, मी शिवलो नाही," तो म्हणाला. "नाहीतर माझ्यामुळेच गेली असती." मग अगदी मायेनं म्हणाला, "तुमच्या छातीवर गेली ना? आता गारठा तुमच्या अंगात; जपा, सिस्टर."

तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि त्याला जवळ घेऊन रडावंसंही वाटलं. दोन्हीतलं काहीच झालं नाही.

पण वॉर्डाला कान असतात. पट्टा घेऊन ती पुढच्या खाटेशी गेली, तर तिथल्या पोरसवदा आईनं बाळ पांघरुणाआड ओढलं. "दुसऱ्या सिस्टरना पाठवता का?"

"अडाणी बाया!" एर्मेलिंदा घरी येईपर्यंत पुटपुटत होती. घरी लेक नुकतीच बाळंत झालेली. दार उघडताच तिनं नातू पुढे केला, "घे गं आई, जरा हात मोकळे करते."

एर्मेलिंदाचे हात पुढे झाले आणि तसेच थांबले.

"आधी अंघोळ करते," ती म्हणाली. "आणि हे बघ, पाण्यात थोडा सताप टाक."