लादीवर लादी

हिंदमाताला पाणी तुंबतं हे कळायला बातम्या कशाला हव्यात? आमच्या साड्यांच्या दुकानाची जमीन बघितली तरी पुरे होतं. पाणी आत शिरलं की पाऊस सरल्यावर अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उपाय ठरलेला: जुन्या लादीवर डेब्रिजची भर टाकायची आणि वर नवी लादी बसवायची. "पाणी चढता, तर आपणय चढूया," म्हणायचे. त्यांचं बघून शेजारचेही तेच करू लागले. शेवटी दुकान इतकं वर आलं की उंच गिऱ्हाईक तुळईला डोकं आपटून घ्यायचं आणि घासाघीस करायचं विसरायचं.

गेल्या पावसाळ्यानंतर खांबांना उभ्या चिरा पडल्या. दुरुस्तीला इंजिनीअर आले, लोखंडी टेकू लागले, अर्धं दुकान बंद झालं. मी आधीच थकले होते. पाऊस आला की माल माळ्यावर चढवा, उतरवा, भिजलेल्या साड्या वाळत घाला; पन्नाशीनंतर हे सोसत नाही. त्यात इंजिनीअर म्हणाले, भर काढल्याशिवाय खांबांचे पाय दुरुस्त होणार नाहीत, आणि नंतर पुन्हा भर टाकायची नाही. ती पाणी धरून ठेवते, खांबांतल्या सळ्या गंजतात.

म्हणजे दुकान परत खड्ड्यात.

अण्णांनी साफ नकार दिला. दुकान त्यांच्या नावावर, त्यांच्या होकाराशिवाय कुदळ लागणार नव्हती. "माझो जल्म गेलो ह्या दुकान वर आणूक," म्हणाले. मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर त्यांचं पटतही होतं.

एकाच कोपऱ्यात खणून बघू, यावर कसेबसे तयार झाले. वरची चकचकीत लादी निघाली, तिच्याखाली कोटा, त्याखाली मोझॅक. कुठली कुठल्या पाण्यानंतरची, हे अण्णा न विचारता सांगत होते. मग खांबाचा पाय उघडा पडला. इंजिनीअरनी गज टोचला, तर ओल्या ढेकळासारखं काँक्रीट सुटलं. आत सळीच्या जागी गंजाचा चुरा होता.

वरून शिलाई मशीनचा आवाज येत होता. पहिल्या मजल्यावर फॉल-पिको करणारी बाई आहे. आमच्याच साड्यांवर तिचं घर चालतं. अण्णांनी वर बघितलं, मग त्या खांबाकडे.

"काढा सगळा," एवढंच म्हणाले आणि बाहेर फुटपाथवर जाऊन बसले.

खांबांना नवं काँक्रीट चढलं. आता दुकानात पायऱ्या उतरून जावं लागतं. तुळई कुणाच्या डोक्याला लागत नाही. माल उंच फळ्यांवर असतो.

परवा पाऊस लागला आणि पाणी आत आलंच, गुडघाभर. गल्लीतली वीज गेली होती. अण्णा वरच्या पायरीवर पँट दुमडून बसले होते. मला रडू येत होतं. आता हे असंच चालायचं, दरवर्षी.

अण्णांना हल्ली नीट ऐकू येत नाही. त्यांनी छताकडे बोट केलं.

"मशीन चालू हा मां?"

मी कान दिला. पायाने चालवायचं मशीन ते, त्याला विजेचं काय. "चालू आहे, अण्णा."

"मग येवंदे पाणी."

येवंदे म्हणायला त्यांचं काय जातं, उपसायचं मलाच होतं. मी सलवार दुमडली आणि बादली घेऊन खाली उतरले.