कुसुमताईंनी आखलेले शेजारी

कुसुमताईंचा राग साऱ्या चऱ्होलीला ठाऊक होता. सातवीची फायनल पास होऊन त्या लोकल बोर्डाच्या शाळेत आल्या, तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणूस, सहा महिन्यांत पळेल. सहा वर्षं झाली. पळायचे ते चावडीपुढं पत्ते कुटणारे; बाई दिसल्या की पानं मांडीखाली जायची.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात पुण्याहून साहेब तपासणीला येणार होते. त्यांना दाखवायचा धडा चौथीचा भूगोल, शेजारचे देश. "शेजारणीकडून विरजण आणता ना? तसंच देशांचं असतं," असं सांगून बाईंनी मैदानात फक्कीनं नकाशा आखला आणि पोरांना एकेक देश वाटून दिला. ब्रह्मदेशानं तांदूळ द्यायचा, सिलोननं नारळ, पाकिस्ताननं उपासाचं शेंदेलोण, आणि हिंदुस्थानानं सगळ्यांना कापड. हिंदुस्थान केलं ज्योतीरामला, शाळा समितीच्या दत्तोबांच्या मुलाला. पाकिस्तान केलं झुलेखाला, मन्सूर कल्हईवाल्याच्या लेकीला.

रंगीत तालमीला झुलेखानं मिठाचा खडा पुढं केला. ज्योतीरामनं हात मागं घेतला.

"हिच्या हातचं न्हाई घ्यायचं. पाकिस्तान हाय ही!"

पोरं खिदळली. कुंपणाशी विडी ओढत उभे असलेले दत्तोबाही हसले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी ज्योतीरामला असं बदडलं, की छडीचे दोन तुकडे झाले. मेल्यानं धडा शिकायचा सोडून हे शिकावं! झालं, पोराला अद्दल घडली, असं समजून त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी झुलेखा आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शाळा सुटल्यावर बाई तरातरा मन्सूरच्या दारात गेल्या. झुलेखाची आई नूरबी भाकऱ्या थापत होती. ती उठली नाही.

"पोरगी घरात का बसवली? हुशार मुलगी आहे, नुकसान होईल तिचं. त्या ज्योतीरामला मी फोडून काढलंय."

"त्याला कशापायी मारलं, बाई?" नूरबीनं पीठभरले हात परातीत आपटले. "तुमी शिकवलं तेच बोललं पोर. पाकिस्तान कुणी केली तिला? चाळीस पोरं वर्गात. तुमास्नी माझीच कशी घावली?"

देश वाटताना बाईंनी क्षणभरही विचार केला नव्हता. पाकिस्तान म्हटल्यावर तिचंच नाव ओठांवर आलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी दटावलं नव्हतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "उद्या पाठव तिला."

"बघते."

परतीच्या वाटेवर त्या स्वतःलाच शिव्या घालत होत्या. मोठी आली शिकवणारी! जगाला शेजारधर्म सांगतेस आणि गावातलं लेकरू गावाबाहेर काढतेस!

सकाळी झुलेखा आली आणि दाराशीच उभी राहिली. बाईंनी तिला दंडाला धरून मैदानातल्या नकाशाच्या मधोमध उभं केलं. ज्योतीरामच्या हातात शेंदेलोण ठेवलं.

"आजपासून हिंदुस्थान ही. तू पाकिस्तान. रडायचं कारण नाही, मिठाचा खडा आहे तो, निखारा नाही."

हां हां म्हणता दत्तोबांपर्यंत बातमी गेली. पायात वहाण न घालता आले.

"बाई, माझ्या पोराला पाकिस्तान करता व्हय? आमाला अब्रू हाय का न्हाई?"

"आणि मन्सूरला नाही? त्या दिवशी त्याची पोर तिथंच उभी होती तेव्हा दात काढत होतात की!"

"तिची गोष्ट येगळी."

"काय वेगळी? बोला ना, पोरांसमोर बोला!" बाईंचा आवाज चिरकला.

दत्तोबांनी पोरांकडं एकवार पाहिलं. मग म्हणाले, "बदली करीन तुमची."

"खुशाल करा. हुकूम हातात पडेपर्यंत इथं माझं चालेल. ज्योतीराम, दे मीठ!"

ज्योतीरामनं नाक ओढत खडा पुढं केला. झुलेखाचे हात मात्र परकराला घट्ट धरून होते.

"बाई," ती हळूच म्हणाली, "साहेब येतील तवाबी मीच का?"

"तूच!" बाई एवढ्यांदा ओरडल्या, की सगळा वर्ग दचकला.

झुलेखानं आधी दत्तोबांकडं पाहिलं. मग हात पुढं केला.